चक्रीवादळाचा अंदाज गोव्यात बसून कसा वाचायचा

मे महिना अर्धा सरला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर नकाशे फिरू लागतात. अरबी समुद्रात लाल-जांभळा भोवरा, तिथून पणजीपर्यंत ओढलेला बाण आणि खाली 'दहा दिवसांत गोव्याला धडक'. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शॅक म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी खानपानगृहं नुकतीच उभी राहिलेली असताना, तेच पुन्हा. जुनी माणसं आभाळ आणि दर्या बघून आपापलं ठरवतात. पण सांगली, कोल्हापूर, बेळगावहून नुकताच इथे आलेला, मोरजीला शॅक चालवायला घेतलेला, मालीमच्या जेटीवर हिशेबाला लागलेला किंवा साखळीत कौलारू घर भाड्याने घेतलेला माणूस गोंधळून जातो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

हे नकाशे ज्यातून निघतात त्या संगणकाच्या मॉडेलवर विश्वास ठेवायचा का, याचं एका शब्दात उत्तर नाही. वादळ कुठे जाईल हे संगणकाची मॉडेलं दोन-तीन दिवस आधी फार चांगलं सांगतात. ते किती जोर धरेल हे त्याहून कमी भरवशाने सांगतात. तुमच्या गावात नेमका किती पाऊस पडेल हे आणखी कमी. आणि दहा दिवसांनंतरचं चित्र हा अंदाज नसतोच, ती अनेक शक्यतांपैकी एक शक्यता असते. कशावर किती विसंबायचं आणि त्याप्रमाणे केव्हा हालचाल करायची, एवढं कळलं की घबराटही कमी होते आणि बेफिकिरीही.

पायरी १: आधी प्रश्न बदला

'वादळ गोव्यावर येणार का?' हा प्रश्न सगळे विचारतात आणि इथेच गाडं अडतं.

तेरेखोलपासून पोळेपर्यंत सरळ रेषेत मोजलं तर गोव्याचा किनारा शंभरेक किलोमीटरचा. आता अंदाजातली चूक बघा. हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, अंदाज देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरकडे जगातली सर्वांत चांगली साधनं आहेत. अटलांटिकमध्ये त्यांच्या मार्गाच्या अंदाजात सरासरी चूक २४ तास आधी सुमारे ५० किलोमीटर, ४८ तास आधी ९० ते १००, ७२ तास आधी १४०-१५० आणि पाच दिवस आधी ३०० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. १९९०च्या सुमारास ७२ तासांची हीच चूक ५०० किलोमीटरच्या घरात होती. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत झालेली प्रगती थक्क करणारी आहे. तरीही दोन दिवस आधीची सरासरी चूक आपल्या अख्ख्या राज्याच्या लांबीएवढी आहे. पेडण्यावर येणार की काणकोणावर, हे दोन दिवस आधी ठामपणे सांगणारा माणूस मॉडेलला जमत नाही ते सांगतोय.

दुसरी गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची. बंगालच्या उपसागरातली बरीच वादळं ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावर समोरून येतात. अरबी समुद्रातली वादळं बहुधा लक्षद्वीपच्या आसपास तयार होऊन आपल्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर उत्तरेकडे सरकतात, नाहीतर ओमान-येमेनकडे वळतात. समांतर जाणाऱ्या वादळाची दिशा जराशी बदलली तरी सगळं बदलतं. लक्षद्वीपहून गोव्याच्या अक्षांशापर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास आहे. त्यात दिशेत फक्त १० अंशांचा फरक पडला तर इथे पोहोचेपर्यंत तो सुमारे ९० किलोमीटरचा होतो. वादळ पणजीपासून १२० किलोमीटरवरून जाणं आणि २१० किलोमीटरवरून जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात झाडं उन्मळतात, दुसऱ्यात नुसता समुद्र खवळतो आणि पाऊस पडतो.

म्हणून विचारायचं ते असं: केंद्र पणजीपासून किती अंतरावरून, कोणत्या तारखेला, किती वाजण्याच्या सुमारास जाईल? तेव्हा वारा कुठून असेल आणि भरती असेल का?

मे २०२१चं तौक्ते आठवून बघा. ते जमिनीवर आलं गुजरातमध्ये, दीव-उनाच्या परिसरात, १७ मेच्या रात्री. पण १६ मेला ते पणजीच्या पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे १३० किलोमीटरवर होतं आणि गोव्यात शेकडो झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं काही दिवस अंधारात होती. 'लँडफॉल गुजरातला आहे, आपल्याला काय' असं ज्यांनी त्या आठवड्यात धरलं होतं, त्यांचा प्रश्नच चुकला होता.

क्यार त्याच्या उलट. ऑक्टोबर २०१९मध्ये ते सुपर सायक्लोन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं वादळ झालं, २००७च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलं. पण तेवढं बळ आलं तेव्हा ते गोव्यापासून खूप दूर, ओमानच्या वाटेवर होतं. गोव्याने सर्वांत वाईट दिवस पाहिले ते त्याआधी, ते साधं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, म्हणून कोकणासमोर घोटाळत होतं तेव्हा. नाफ्था हे ज्वालाग्राही तेल भरलेलं 'नु शी नलिनी' हे जहाज २४ ऑक्टोबरला दोनापावलाच्या खडकांत येऊन रुतलं, तेव्हा त्या वादळाला क्यार हे नावही मिळालेलं नव्हतं. हे मनात पक्कं ठेवा. बातमीतला सर्वांत मोठा आकडा आणि आपल्या दारातला सर्वांत मोठा धोका एकाच दिवशी येतील असं नाही.

पायरी २: नाव खरं आहे का ते बघा

उत्तर हिंद महासागरातल्या वादळांना नाव देण्याचं काम भारतीय हवामान खात्याचं. १३ देशांनी सुचवलेल्या १६९ नावांची यादी २०२०मध्ये जाहीर झाली आणि ती क्रमाने वापरली जाते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला, म्हणजे प्रणाली 'सायक्लोनिक स्टॉर्म' झाली, की मगच नाव मिळतं. त्याखालच्या पायऱ्या म्हणजे डिप्रेशन, ३१ ते ४९ किलोमीटर, आणि डीप डिप्रेशन, ५० ते ६१. या दोघांना नाव नसतं.

समुद्रात साधा कमी दाबाचा पट्टाही नसताना एखादा संदेश वादळाचं नाव घेऊन येतो, तेव्हा तो लिहिणाऱ्याने यादीतलं पुढचं नाव उचललंय असं समजा. मे २०२५मध्ये 'शक्ती' नावाने हेच झालं. कोकण-गोव्यासमोर प्रणाली खरंच तयार झाली, पण ती डिप्रेशनच्या वर गेली नाही आणि २४ मेला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आली. शक्ती हे नाव प्रत्यक्ष वापरलं गेलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, गुजरातसमोरच्या वेगळ्याच वादळाला. यातून 'मे महिन्यात सगळी अफवाच होती' असा अर्थ मात्र काढू नका. त्या बिननावाच्या डिप्रेशनच्या दिवसांत गोव्यात धुवाधार पाऊस होता, रेड अलर्ट होता आणि पाठोपाठ मान्सूनही दाखल झाला. नाव खोटं होतं, पाऊस खरा होता.

आणखी एक. खात्याच्या पत्रकात 'गोव्याच्या पश्चिम-नैर्ऋत्येला इतके किलोमीटर' असं वाक्य दिसलं की लोक धसकतात. पणजी हा मोजण्यासाठी घेतलेला एक ठिकाणा आहे, शेजारी बहुधा मुंबई, पोरबंदर, कराचीही असतात. जून २०२३मध्ये बिपरजॉय आठशे-नऊशे किलोमीटर दूर असतानाही त्याचं अंतर गोव्यापासून सांगितलं जात होतं. अंतर कमी होतंय की वाढतंय, ते दोन पत्रकं शेजारी ठेवून बघा.

पायरी ३: मॉडेलच्या पोटात काय असतं ते समजून घ्या

हवेचे नियम गणितात मांडलेले आहेत: दाब, तापमान, बाष्प, वारा एकमेकांना कसे बदलतात ते. मॉडेल पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनात आत्ताची स्थिती भरतं आणि काही मिनिटांनी ती काय होईल याचं गणित पुन्हा पुन्हा करत दहा-पंधरा दिवस पुढे जातं. युरोपियन हवामान केंद्राच्या मुख्य मॉडेलचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलचा सुमारे १३चा. आपल्याकडे नोएडाच्या एनसीएमआरडब्ल्यूएफ या अंदाज केंद्राचं मॉडेल १२ किलोमीटरचं आहे, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टम' मे २०२५पासून ६ किलोमीटरवर चालते. पुण्याचा 'अर्का' आणि नोएडाचा 'अरुणिका' हे महासंगणक या कामासाठीच आहेत.

दोन दुबळ्या जागा इथेच दिसतात.

पहिली, सुरुवातीची माहिती. अटलांटिकमध्ये हरिकेनच्या पोटात विमानं शिरतात, उपकरणं टाकतात, दाब आणि वारा प्रत्यक्ष मोजतात. अरबी समुद्रात अशी नेहमीची उड्डाणं नाहीत. इथे उपग्रहाच्या चित्रातला ढगांचा आकार बघून वादळाचा जोर ठरवतात. अमेरिकन हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात बसवलेली ही पद्धत आहे. म्हणजे 'आत्ता वारा ताशी ११० किलोमीटर' हादेखील अनुभवी माणसाने केलेला अंदाजच असतो. आजचाच आकडा दहा-वीस किलोमीटरने इकडेतिकडे असू शकतो, मग परवाचा किती ताणायचा ते तुम्हीच ठरवा.

दुसरी, चौकोनाचा आकार. वादळाच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत, जिथे सर्वांत जोराचा वारा असतो, ती काही थोड्या किलोमीटर रुंदीची असते. नऊ-बारा किलोमीटरच्या चौकोनात ती धड मावत नाही. आपल्या सह्याद्रीचंही तसंच. चोर्ला घाटाचा उभा कडा मॉडेलच्या नकाशात उतरत्या माळासारखा सपाट होतो, आणि सत्तरी-धारबांदोड्याचा पाऊस नकाशावर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात किती तरी जास्त पडू शकतो.

पायरी ४: दिवसांप्रमाणे विश्वास वाटा

सर्वांत कामाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

*दहा ते सात दिवस आधी.* विंडीसारख्या ॲपवर तारखेची पट्टी उजवीकडे ओढली की दहाव्या दिवशीचा भोवरा दिसतो आणि लोक त्याचाच फोटो काढून पाठवतात. विशेषतः जीएफएस मे महिन्यात अरबी समुद्रात अशी न जन्मलेली वादळं बऱ्याचदा दाखवतं. पुढच्या फेरीत, म्हणजे मॉडेलने काही तासांनी नव्याने गणित केलं की, ती गायब होतात किंवा सोमालियाकडे सरकतात. या टप्प्यावर एकच गोष्ट करा: हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत वादळ जन्मण्याची शक्यता किती ते सांगणारं पत्रक काढतं, ते वाचा. शक्यता 'कमी', 'मध्यम' की 'जास्त', एवढंच बघायचं. पैसे खर्च होतील असा कोणताही निर्णय या चित्रावर घेऊ नका.

*पाच दिवस आधी.* समुद्रात काही तरी तयार होणार का, हे आता बऱ्यापैकी कळतं. पण मार्ग अजून फाटलेला असतो. बिपरजॉयचं पहिल्या दिवसांत तेच झालं. एक मॉडेल त्याला ओमानकडे नेत होतं, दुसरं पाकिस्तानकडे, तिसरं गुजरातकडे. ते १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ आलं, जन्मल्यापासून नऊ दिवसांनी. एवढा काळ समुद्रात रेंगाळणारं वादळ मॉडेलला जड जातं, कारण त्याला ढकलणारे वरचे वारे मंद असतात आणि कोणत्या उच्च दाबाची पकड घट्ट होईल हे शेवटपर्यंत ठरत नाही. उलट वेगाने, सरळ जाणाऱ्या वादळाचा मार्ग लवकर पक्का होतो. म्हणून पत्रकात पुढे सरकण्याचा वेगही वाचा. ताशी पाच-सहा किलोमीटरने सरकणाऱ्या वादळाच्या अंदाजावर जरा कमी विसंबा.

पाच दिवस ही मच्छीमारांसाठी मोठी सीमा आहे. मालीम किंवा कुटबणहून ट्रॉलर आठवडाभरासाठी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या फेरीचा उत्तरार्ध भरवशाच्या अंदाजाच्या पलीकडे असतो. बंदर सोडतानाचं स्वच्छ आकाश आणि स्वच्छ नकाशा परतीच्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये ओखी कन्याकुमारीजवळ डिप्रेशनपासून वादळ झालं ते साधारण एका दिवसात. तोवर केरळ-तामिळनाडूच्या शेकडो बोटी खोल समुद्रात होत्या आणि कित्येक माणसं परतली नाहीत. त्यामुळे ट्रॉलरवाल्याने घ्यायची खबरदारी दोन भागांत आहे: निघताना पाच दिवसांचा अंदाज, आणि बाहेर असताना रोज दोनदा किनाऱ्याशी बोलण्याची पक्की सोय. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. उपग्रहावरून संदेश घेणारं उपकरण बोटीवर असेल तर ते चालू आहे की नाही हे जेटीवरच तपासा.

*तीन दिवस आधी.* इथून मॉडेल कामाचं होतं. हवामान खात्याची 'प्री-सायक्लोन वॉच' ही पहिली सूचना याच टप्प्यावर, ७२ तास आधी येते. मार्गाभोवती शंकूसारखा पट्टा काढलेला असतो. बहुतेक नवखे तो चुकीचा वाचतात. तो पट्टा वादळाचा आकार दाखवत नाही, केंद्र कुठे कुठे असू शकेल ते दाखवतो. पट्ट्याच्या बाहेर असलेल्या गावालाही वारा-पाऊस-लाटा पोहोचतात, आणि आखणीच अशी असते की काही वेळा केंद्रही पट्ट्याबाहेर जातं. मधल्या रेषेकडे बघू नका. पट्ट्याची पूर्वेकडची कड बघा आणि विचारा: वादळ या कडेने आलं तर माझ्यापासून किती दूर असेल? तयारी त्या अंतराची करा.

*दोन दिवस ते एक दिवस आधी.* ४८ तास आधी पिवळी 'सायक्लोन अलर्ट', २४ तास आधी केशरी 'सायक्लोन वॉर्निंग'. आता नवीन मॉडेल शोधत बसू नका. वादळ समुद्रात असेपर्यंत खातं दर तीन तासांनी पत्रक काढतं, तेच धरून चाला. शेवटच्या काही तासांत पणजीच्या डॉपलर रडारवर पावसाचे पट्टे येताना दिसतात, आणि जवळच्या वेळेसाठी रडार कोणत्याही मॉडेलपेक्षा भरवशाचं आहे.

पावसाचे रंग आणि चक्रीवादळाच्या टप्प्यांचे रंग वेगळे असतात, याची सरमिसळ करू नका. 'गोव्याला रेड अलर्ट' हा बहुतेक वेळा पावसाचा असतो, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता.

पायरी ५: एकाच मॉडेलच्या प्रेमात पडू नका

ऑक्टोबर २०१२मध्ये हरिकेन सँडीच्या वेळी युरोपियन मॉडेलने सुमारे आठवडाभर आधी सांगितलं होतं की वादळ डावीकडे वळून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जाईल. अमेरिकन जीएफएस तेव्हा त्याला समुद्रात दूर नेत होतं. वादळ वळलं. तेव्हापासून 'युरोपियन तेच खरं' असा समज जगभर पसरला, गोव्यातही आहे. सरासरीत ते मॉडेल पुढे असतं हे खरं. पण सरासरी म्हणजे प्रत्येक वादळ नव्हे, आणि मागच्या वादळाला जिंकलेलं मॉडेल पुढच्याला सपशेल चुकल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

त्यापेक्षा हे करा. एका मॉडेलच्या दोन लागोपाठच्या फेऱ्या बघा: रेषा त्याच जागी आहे की दर वेळी उड्या मारते? मग दोन-तीन वेगवेगळी मॉडेलं बघा: रेषा जवळ जवळ आहेत की पंख्यासारख्या पसरल्या आहेत? उड्या कमी आणि पसारा कमी असेल तर विश्वास वाढवा.

याचंच पद्धतशीर रूप म्हणजे एन्सेम्बल. सुरुवातीची माहिती पूर्ण खात्रीची नाही हे माहीत असल्याने युरोपियन केंद्र तीच फेरी ५१ वेळा चालवतं, बहुतेक वेळा सुरुवातीची स्थिती किंचित बदलून. जीएफएसच्या अशा ३१ रेषा असतात. नकाशावर शेवयांसारखा गुंता दिसतो, पण वाचायला सोपा आहे. ५१पैकी ४५ रेषा पणजीपासून ३०० किलोमीटरच्या पलीकडून जात असतील तर तुमचा धोका कमी आहे. पण शून्य नाही, कारण उरलेल्या सहा रेषाही त्याच गणितातून आल्या आहेत. पसारा बघून घेतलेला निर्णय एका रेषेवर घेतलेल्या निर्णयापेक्षा कधीही चांगला.

वेळेचा हिशेबही लक्षात असू द्या. मॉडेलची फेरी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने ओळखतात, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ०० यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, पण गणित पुरं होऊन चित्र हाती यायला काही तास जातात. जीएफएस सकाळी उशिरा आणि युरोपियन दुपारी, असं धरा. सकाळी सातला ॲप उघडून जे दिसतं ते बहुधा आदल्या संध्याकाळच्या निरीक्षणांवर बेतलेलं असतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं आता मैदानात आहेत. गूगलचं ग्राफकास्ट २०२३मध्ये आलं, युरोपियन केंद्राचं एआयएफएस फेब्रुवारी २०२५पासून रोजच्या कामात आहे. ती भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवत नाहीत, दशकांच्या जुन्या नोंदींवरून शिकतात आणि काही मिनिटांत उत्तर देतात. मार्गाच्या बाबतीत ती खरोखर चांगली आहेत. पण ही दोन्ही ज्या नोंदींवर शिकली त्यांचा चौकोन २५-३० किलोमीटरचा, त्यामुळे वाऱ्याचा जोर ती कमी दाखवण्याकडे झुकतात. मार्गासाठी जरूर बघा, ताकदीसाठी नको.

पायरी ६: ताकदीच्या अंदाजाला एक पायरी वर धरा

वादळ कुठे जाईल हे ठरवतात शेकडो किलोमीटर पसरलेले वरचे वारे, आणि ते मॉडेलला नीट दिसतात. वादळ किती बळ धरेल हे ठरतं त्याच्या पोटात: समुद्राचं पाणी किती खोलपर्यंत गरम आहे, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत किती तफावत आहे, डोळ्याभोवतीचे ढग कसे रचले जात आहेत यावर. मॉडेल नेमकं इथे अडखळतं.

सर्वांत मोठा धडा हरिकेन ओटिसचा. ऑक्टोबर २०२३मध्ये मेक्सिकोसमोर २४ तासांत त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १८० किलोमीटरने वाढला आणि ते पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचं होऊन अकापुल्कोवर आदळलं. आदल्या दिवशीपर्यंत ते एवढं मोठं होईल असं मुख्य मॉडेलं दाखवत नव्हती. जगातल्या सर्वांत सुसज्ज केंद्राच्या डोळ्यांसमोर हे घडलं. म्हणून गरम पाण्याच्या महिन्यांत, मे, जूनची सुरुवात, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात, 'सायक्लोनिक स्टॉर्म'चा अंदाज असेल तर तयारी 'सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म'ची, म्हणजे ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वाऱ्याची करा. मार्गात चूक झाली तर ती दोन्ही बाजूंना वाटली जाते, पण झपाट्याने बळावण्यात झालेली चूक माणसांच्या जिवावर येते.

आकड्यांची तुलना करताना एक खाचखळगा आहे. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी सांगतं, अमेरिकन संस्था एका मिनिटाची. म्हणून त्याच वादळाचा अमेरिकन आकडा मोठा दिसतो आणि कुणी तरी 'आपलं खातं लपवतंय' म्हणून पुढे पाठवतं. लपवाछपवी नाही, माप वेगळं आहे. वेग नॉट्समध्ये दिला असेल तर १.८५ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील.

पायरी ७: नकाशावरून आपल्या अंगणात उतरा

इथून पुढे मॉडेलपेक्षा जागेची माहिती मोलाची. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ पश्चिमेकडून, समुद्रातून उत्तरेला जातं तेव्हा गोवा त्याच्या उजव्या, म्हणजे जास्त जोराच्या बाजूला असतो. केंद्र नैर्ऋत्येला असताना वारा आग्नेयेकडून, जमिनीवरून येतो. समोर आलं की दक्षिणेकडून. पुढे सरकून वायव्येला गेलं की नैर्ऋत्येकडून, थेट दर्यावरून. म्हणून केंद्र पुढे निघून गेल्यावर लाटा आणि सरी वाढतात. ॲपवरचा भोवरा मालवणच्या पुढे गेला म्हणून शॅकमधली माणसं सामान आणायला किनाऱ्यावर धावतात, ती वेळ सर्वांत वाईट.

नेट गेलं तरी चालणारा एक नियम आहे, डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी १८५७मध्ये मांडलेला. उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. दर तासाला वाऱ्याची दिशा टिपत गेलात तर वादळ सरकतंय ते कळतं.

लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राचा अंदाज बघा. लाटांची उंची, उधाण, किनाऱ्यावर पाणी चढण्याची शक्यता ते वेगळी सांगतात, आणि लाटांचा अंदाज वाऱ्याच्या अंदाजाइतकाच महत्त्वाचा आहे. ओखीच्या वेळी वादळ गोव्यापासून लांब होतं, तरी डिसेंबरच्या सुरुवातीला इथल्या किनाऱ्यांवर शॅकमध्ये पाणी शिरलं. अंदाजाची वेळ आणि मुरगावच्या भरतीची वेळ शेजारी मांडा. अमावास्या-पौर्णिमेची भरती आणि नैर्ऋत्येचा वारा एकत्र आले तर खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि त्यांतल्या मानशींवर, म्हणजे पाण्याच्या दारांवर, ताण येतो. त्याच वेळी सत्तरीतून म्हादईचं पाणी उतरत असेल तर ते समुद्रात जायला जागा मिळत नाही. दिवाडी, चोडणच्या लोकांना हे कुणी शिकवायला नको, नवख्याने त्यांना विचारावं.

बंदरावरचा बावटाही बघा. 'तीन नंबरचा लागला' असं कानावर आलं तर ती स्थानिक सावधगिरीची खूण. आकडा वाढत गेला तर धोका वाढतोय.

पायरी ८: केव्हा काय करायचं

शॅकवाल्याने निर्णयाची वेळ ७२ तासांवर धरावी. कापड, सौरदिवे, खुर्च्या, फ्रीज ही उतरवायची कामं अर्ध्या दिवसात होत नाहीत, आणि सगळ्या किनाऱ्याला एकाच दिवशी टेम्पो लागतात. वादळ दोनशे किलोमीटर लांबून गेलं तर मजुरी फुकट गेली असं वाटेल. तो खर्च हंगामाच्या हिशेबात आधीच धरून ठेवा.

बोटवाल्याने ४८ तासांच्या आत शापोरा, मांडवी किंवा साळ नदीत आत यायचं आणि दोऱ्यांना भरती-ओहोटीएवढी सैल ठेवायची. सूचना उठल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आकाश निवळलं तरी.

घरात राहणाऱ्याने २४ तास आधी पाणी भरून ठेवायचं, कारण वीज गेली की पंप बंद आणि तौक्तेनंतर कित्येक घरांत आधी संपलं ते पाणी. कौलांवर टेकलेल्या फांद्या आधीच उतरवा, माडाखाली गाडी लावू नका, सुट्या पत्र्यांवर दगड ठेवून भागत नाही, ते बांधा. वारा ताशी ५०-६० किलोमीटर झाला की छपरावर चढायचं नाही. तार पडलेली दिसली तर ती जिवंत समजून दूर राहा आणि ११२ला कळवा.

वादळ गेल्यावर एक काम जरूर करा. ७२, ४८ आणि २४ तास आधी खात्याने पणजीपासून किती अंतर सांगितलं होतं, प्रत्यक्षात किती राहिलं, तुमच्या वाड्यात सर्वांत जोराचा वारा किती वाजता आणि कुठल्या दिशेने होता, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. कुठल्याही मॉडेलच्या चौकोनात तुमचा वाडा वेगळा दिसत नाही. ही नोंद तुमच्याशिवाय दुसरं कुणी ठेवणार नाही, आणि पुढच्या मे महिन्यात पहिलं पत्रक आलं की तीच वही आधी उघडायची.